मावशी लोड होतेय

४ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

दचकू नकोस, कुणी गेलं-बिलं नाही. हे माझंच पत्र आहे, माझ्याच हाताने, दुकानातल्या गळक्या पेनने लिहिलेलं.

पत्र का, तर फोनवर मी काहीही लिहिलं की तुला लाज वाटते. वाक्याच्या शेवटी तीन टिंबं दिली की विचारतेस, "मावशी, चिडलीयस का?" हसता हसता रडणारा तो चेहरा टाकला की म्हणतेस, तो आता फक्त आज्या वापरतात. 'हाहाहा' लिहिलं तर तेही चुकलं. आता एकोणचाळिसाव्या वर्षी मी हसायचं कसं याची शिकवणी लावू का? म्हणून कागद. कागद बिचारा काही बोलत नाही. सोबत चार पाकिटं ठेवली आहेत, पत्ता घालून, तिकिटं लावून. तू जन्मात पोस्टाच्या पेटीला हात लावलेला नाहीस हे मला माहीत आहे. वसतिगृहाच्या फाटकाबाहेरच आहे एक, तुला सोडायला आले तेव्हाच बघून ठेवली होती.

दुकानात एक गंमत झालीय. चष्म्याच्या दुकानासाठी मी दहा वर्षं व्हिडिओ करतेय ना, 'चष्मा शर्टाच्या टोकाने का पुसू नये', 'नाकावर वळ का पडतात' असले? त्यातले कुणीतरी अकरा उचलले. आणि मी बोलते ते सगळं कापून टाकलं! ठेवलं काय, तर फक्त बोलण्याआधीचं. मी बटण दाबलं की जरा थांबते, कॅमेऱ्याकडे बघते, मग 'नमस्कार मंडळी' म्हणते. तेवढं ते थांबणं एकापुढे एक चिकटवलंय. अकरा वेळा मी आपली डोळे मोठे करून, तोंड अर्धवट उघडून बघतेय. कपडे वेगळे, केस वेगळे, थोबाड तेच. शेवटच्या तुकड्यात तर गाऊनमध्ये आहे, स्वयंपाकघरात. वर लिहिलंय 'मावशी लोड होतेय', आणि मागे लिफ्टमध्ये वाजतं तसलं संगीत.

खरं सांगू, मी पण हसले. ज्याने केलंय त्याला कात्री कुठे चालवायची ते बरोबर कळतं.

पण आता पोरं दुकानात येतात, काउंटरपाशी उभी राहतात, माझ्याकडे टक लावून बघतात आणि मग खुदकन हसतात. मालक म्हणाले, "बाई, व्हिडिओ आता राहू द्या. नवी मुलगी करेल." नवी मुलगी म्हणजे ती, फ्रेम्स पुसायला ठेवलेली. गुणी आहे, पण अजून डावी काडी उजवीकडे बसवते.

तू कॉलेजात हेच व्हिडिओ-बिडिओचं शिकतेस, म्हणून दोन गोष्टी सांग. आमच्या वयाच्या माणसांचं नक्की काय बघून तुम्हाला एवढी लाज वाटते? टोमणा नाही, मनापासून विचारतेय. आणि दुसरं, असा व्हिडिओ काढून टाकायला सांगता येतं का कुणाला? तुझ्या ओळखीचं असेल कुणी. घाई नाही, सहज विचारतेय...

बघ, दिलीच टिंबं.

तुझी
मावशी

ता. क. खाली जो वाकडा गोल काढलाय तो हसरा चेहरा आहे. कागदावरचा चालतो ना?


११ फेब्रुवारी

मावशी,

पत्र वॉर्डनबाईंनी जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर दिलं. "कुणाचं स्थळ आलंय गं?" असं ओरडून. तुझे आभार कसे मानू.

विचारलंसच म्हणून सांगते, पण रडायचं नाही. तुम्ही वाईट आहात असं कुणीच म्हणत नाही. तुम्ही फार प्रयत्न करता आणि ते दिसतं. आमच्यात नियम एकच, आपल्याला काही फार हवंय असं दाखवायचं नाही. तुम्ही सगळं हवंय असं दाखवता. कॉफी आली की आधी तिचा फोटो. विनोद केला की तो कळावा म्हणून शेवटी हसरा चेहरा. भिंतीवर 'आज हसलात का?' अशी पाटी. कुत्र्याला 'माझं बाळ'. सदतीस वर्षांची बाई पडदे धुते आणि फोनवर टाकते, 'मोठं होणं किती कठीण, कुणीतरी कुशीत घ्या.' अगं, मग मोठं कोण होणार? आम्ही?

आणि ते थांबणं. आता सगळं दाबल्याबरोबर चालू होतं, मावशी. तरी तुम्ही थांबून खात्री करता. दारात उभं राहून 'येऊ का आत?' विचारल्यासारखं. कुणी अडवलेलं नसतं. ते बघताना राग येत नाही, कसंतरी होतं. आपलंच माणूस सगळ्यांसमोर ठेचकाळलं की होतं तसं.

व्हिडिओ कुणी केला मला माहीत नाही. असे हजारो बनतात, कुणीही केला असेल. बघते काही होतंय का.

आणि जेवते वेळेवर. दर वेळी विचारायलाच हवं का?

ढब्बू
(हे नाव फक्त पत्रापुरतं. फोनवर सगळ्यांना दिसतं.)


१७ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

हजेरी छान घेतलीस. दोनदा वाचली. पाटीचं वाचून मान वर करून भिंतीकडे बघितलं, तर आहेच ती तिथे, मीच अक्षरं कापून लावलेली. सहा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तिला उत्तर दिलेलं नाही.

आता माझी बाजू ऐक. आम्हाला थांबायला यंत्रांनीच शिकवलंय. कॉलेजात एक कम्प्युटर आणि चाळीस जणी. बटण दाबून बाहेर जावं, पाणी पिऊन यावं, तरी पडदा आपला काळाच. फोटोच्या रोलमध्ये छत्तीस फोटो. तुझ्या आजोबांनी एकदा झाकण न काढता अख्खा रोल संपवला आणि वर दुकानदाराशी भांडून आले. पहिल्या मोबाइलवर एकेक अक्षर तीनतीनदा दाबून लिहायचो. एवढं घामाघूम होऊन लिहिलेलं कुणी उलटं समजू नये म्हणून शेवटी हसरा चेहरा काढायचो. समोरच्याचं तोंड दिसत नव्हतं गं, दुसरं काय करणार?

'फार प्रयत्न करता' हे मात्र लागलं. आम्हाला लहानपणी सांगितलं होतं, नीट शिका, नीट वागा, म्हणजे सगळं नीट होईल. आम्ही वागलो नीट. बाकीचं काही झालं नाही, पण वागायची सवय राहून गेली. कुणी न सांगताच सगळ्यांची मनं राखत बसतो. त्याचं हसू येत असेल तर येऊ दे, मलाही येतं कधीकधी.

काल एक कुटुंब आलं होतं. दहाएक वर्षांची मुलगी, पहिलाच चष्मा. मी तिच्या दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजायला पट्टी धरली आणि म्हटलं, "माझ्या नाकाकडे बघ." तिने डोळे मोठे केले, तोंड अर्धवट उघडलं आणि तशीच राहिली. आईला वाटलं घाबरली. मग बाप हसला, मग सगळेच हसले. मीही हसले, अगदी खळखळून. मग आत जाऊन काच घासायच्या यंत्रावर बसले आणि तिच्याच उजव्या भिंगाचा कोपरा उडवला. बारा वर्षांत माझ्या हातून भिंग फुटलेलं नाही. मालकांना म्हटलं, काचच खराब निघाली.

मालकांनी दुकानाच्या पानावरचे जुने व्हिडिओ सगळे उडवले. मला विचारलं पण नाही. "चेष्टेचा विषय झालाय बाई, तुमच्याच भल्यासाठी." मी बरं म्हटलं. माझा जुना फोन तर चष्मे धुवायच्या भांड्यात पडून कधीच गेला. एकदा टाकलं की ते तिथे जन्मभर राहतं असंच आम्हाला वाटायचं, भाबडे बिचारे.

त्या व्हिडिओबद्दल तुला अजून एक सांगायचं आहे. पण पत्रात नको. आलीस की बोलू निवांत... तुझ्या सवडीने ये.

तुझे बाबा अजून चार महिने बोटीवर आहेत. त्यांना यातलं काही सांगू नकोस, उगाच काळजी करत बसतील.

तुझी
मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

बातमी चांगली आहे. तो व्हिडिओ गेला. ज्याने केला होता त्याच्यापर्यंत पोचले एका मैत्रिणीच्या ओळखीने. मी चांगलं फैलावर घेतलं त्याला. त्याने वीस तारखेला सगळं पुसलं. नुसता व्हिडिओ नाही, मूळ तुकडे, त्याने उतरवून घेतलेले, जोडतानाचे, सगळेच. लॅपटॉपमधून पण. म्हणजे परत कुणी काही करणार नाही. तू निश्चिंत राहा.

त्याला खूप वाईट वाटत होतं. त्याला वाटलं नव्हतं एवढं पसरेल.

तुझी ती 'एक गोष्ट' आले की सांग. पण पुढचे दोन आठवडे सादरीकरणं आहेत, लगेच नाही जमणार. आणि भिंग फुटलं म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तू नेहमी हसतेसच की अशा गोष्टींवर. मला खरंच वाटलं होतं की तुला फक्त गंमत वाटेल. म्हणजे, त्यालाही तसंच वाटलं असणार.

ढब्बू


२८ फेब्रुवारी

ढब्बू,

सकाळपासून सात वेळा फोन केला, लागत नाहीये. म्हणून दुकानातच, भिंगांच्या कागदावर लिहितेय.

मूळ तुकडे पुसले म्हणजे कुठले? सगळे? अगदी पहिला पण? दुकानाच्या दारात काढलेला, मागे अर्धवट रंगवलेली पाटी आहे तो?

त्यात तुझ्या आईचा आवाज आहे. मी बोलायच्या आधी, त्या थांबण्यात. तेवढाच आहे जगात. लग्नाच्या सीडीत नुसती गाणी आहेत, ती एक शब्द बोललेली नाही. बाकी कुठेच नाही, मी नऊ वर्षं शोधलंय.

त्याला विचार. कुठेतरी असेल. फोन कर. आत्ता.

मावशी


७ मार्च

मावशी,

एक तारखेला मी फोन उचलला आणि तू नुसती रडत होतीस. मी फोन बंद केला. तुझं हे पत्र त्यानंतर मिळालं. आता लिहिते, कारण फोनवर सांगायला गेले तर परत बंद करेन.

'तो' कुणी नाही. मी केला होता तो व्हिडिओ.

वर्गात काम दिलं होतं, आपल्या आधीच्या पिढीची एक सवय दाखवा, एका मिनिटात. सगळ्यांनी घरचीच माणसं घेतली. एकीने बापाचं सेल्फी घेताना मान वाकडी करणं घेतलं. माझा लागला आणि अख्खा वर्ग लोळला. सर डोळे पुसत होते हसून. इथे आल्यापासून सात महिने मी मागच्या बाकावर आहे, मावशी. माझं बोलणं गावंढळ, कपडे तू निवडलेले. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे मला नावाने ओळखायला लागले. एकाने विचारलं, टाकू का बाहेर? मी टाक म्हटलं. बस्स, इतकंच झालं. त्यात तुझ्याबद्दल वाईट काहीच नव्हतं माझ्या मनात. तू त्यात कुठे होतीसच असं वाटलं नाही मला. नुसता एक गमतीचा व्हिडिओ वाटला.

तुझं पहिलं पत्र आल्यावर लगेच काढायला हवा होता. नाही काढला. अजून बघणारे वाढत होते. मग तू भिंग फुटल्याचं लिहिलंस आणि मला इतकं घाण वाटलं स्वतःबद्दल की मी एका बैठकीत सगळं पुसलं. पुसताना हलकं वाटत होतं. चांगलं काम करतेय असं वाटत होतं.

लॅपटॉप घेऊन तीन दुकानांत जाऊन आले. ज्या पोराने व्हिडिओ बाहेर टाकला त्याच्याकडे नुसता जोडलेला व्हिडिओ आहे, मी संगीत घातलेला, त्यात खालचा आवाज बंद केलेला. मालकांना फोन केला. ते म्हणाले, पानावरून गेलं ते गेलं. तिसऱ्या दुकानातला माणूस म्हातारा होता, त्याने दोन दिवस मशीन ठेवून घेतली. मग म्हणाला, बेटा, यावर नंतर दुसरं काम केलंस ना, ते त्याच्याच जागेवर बसलंय.

मला शिव्या दे. काहीतरी लिही. पाकिटं संपली तर मी विकत आणेन, मला आता माहीत आहे कुठे मिळतात.

ढब्बू


२ एप्रिल

ढब्बू,

साडेतीन आठवडे लिहिलं नाही. चार वेळा बसले आणि चारही वेळा पहिलं वाक्य 'अगं जाऊ दे, एवढं काही नाही' असंच आलं. चारही कागद फाडले. एवढं काही आहे.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तूच केलंस. गाऊनमधला तो तुकडा दुकानाचा नाहीच. तुझ्या परीक्षेच्या सकाळी मी स्वयंपाकघरातून तुला शुभेच्छा पाठवल्या होत्या, फक्त तुला. तो बघितला आणि मालकांसमोर हसत उभी राहिले. फोनवर विचारलं असतं तर तू एका शब्दात 'नाही' म्हणून मोकळी झाली असतीस आणि ते खोटं आयुष्यभर आपल्या दोघींच्या मध्ये बसलं असतं. मला वाटलं, पोर कागद घेऊन बसली तर खरं लिहील. तिला जरा वेळ देऊ. म्हणून ती पाकिटं. तू 'मला माहीत नाही' लिहिलंस, तरी मी वाट बघितली. तू 'त्याला' फैलावर घेतल्याचं लिहिलंस, ते वाचून मला आधी हसू आलं होतं, खरंच. पुढच्याच ओळीत पुसल्याचं होतं.

आता त्या थांबण्याचं सांगते.

दहा वर्षांपूर्वी मालकांनी नवा फोन आणला आणि म्हणाले, बाई, तुम्ही तरुण आहात, तुम्ही करा व्हिडिओ. मी तीनदा भलतंच बटण दाबलं. ताई तिचा चष्मा सैल झाला म्हणून आली होती, तू शाळेत होतीस. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "मी सांगितल्याशिवाय तोंड उघडू नकोस." मी उभी राहिले. तिने बटण दाबलं आणि बोलली, "हं, झालं चालू, बोल आता." ते त्यात आलं. नंतर तिने ऐकलं आणि तोंड लपवलं. "शी, केवढा घोगरा आवाज आहे माझा, काढून टाक." मी काढते म्हटलं. मला कापायला येत नव्हतं, म्हणून राहिलं. पुढच्या वेळेपासून ती बोलायचीच नाही, नुसती मान हलवायची. ती मान हलवेपर्यंत मी थांबायचे. वर्षभर तिनेच फोन धरला, अगदी दवाखान्याच्या फेऱ्या चालू असतानाही.

ती गेल्यावर मी फोन फ्रेम्सच्या स्टँडला टेकवून ठेवायला लागले. समोर स्टँड आहे, मान कोण हलवणार? मला कळतं की, ढब्बू. तरी थांबते. तुला वाटलं मी मशीनची परवानगी मागते. नाही गं.

दुपारी डबा खाऊन झाला की कधीतरी तो पहिला व्हिडिओ लावायचे. पहिला एक सेकंद. मग बंद करायचे, पुढे माझंच तोंड होतं.

आता दोष कुणाचा ते लिहिते, कारण याच्यावर मी साडेतीन आठवडे घालवलेत. सतरा तारखेच्या पत्रात मी हे सगळं लिहिलं होतं, आणि मालकांनी उडवल्यावर तो तुकडा आता तुझ्याकडेच आहे, जपून ठेव, हेही. तीन ओळी होत्या. मग वाटलं, पोरीला ओशाळवाणं होईल, समोर बसवून सांगावं, मऊ करून. तो कागद फाडला आणि 'आलीस की बोलू निवांत' असं लिहिलं. माझं पत्र तुला एकोणीसला मिळालं असणार. तू पुसलंस वीसला. त्या तीन ओळी ठेवल्या असत्या तर आज ताईचा आवाज असता. तू जिला हसलीस ती माझी सवय वेगळी होती, पण जिने घात केला ती तुम्ही म्हणता तीच, आमची. कुणाला वाईट वाटू नये, कुणाला वाईट वाटू नये, असं करत करत.

तेव्हा आता नाही करत. मला तुझा राग आलाय. तू मला अकरा तुकड्यांत कापलंस आणि मी त्यात आहे असं तुला वाटलंच नाही, याचा राग आलाय. तू खोटं बोललीस त्याचा त्याहून जास्त. सकाळी उठल्यावर येतो आणि दुकानात दिवसभर राहतो. आणि नऊ वर्षं तुझ्या वेण्या घातल्यात मी, तुझ्याशिवाय मला कुणी नाही, म्हणून तू मला घरी हवी आहेस. दोन्ही खरं आहे. यातलं एक दुसऱ्याने पुसून निघत नाही.

अजून काही सांगायचं राहिलं असेल तर सांग. मला सांभाळत बसू नकोस.

मावशी


८ एप्रिल

मावशी,

शनिवारी सकाळच्या बसने येतेय. राग असू दे, मी येणार. दुपारी दुकानात ये म्हणालीस तर दुकानात येईन, मालकांसमोर सांगेन कुणी केलं ते.

राहिलंय एक. हे लिहू की नको म्हणून दोन दिवस पत्र अडलं होतं. तू सांभाळू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिते.

मी आई गेली तेव्हा अकरा वर्षांची होते. सगळे म्हणायचे, मुलीला सगळं आठवत असेल. मीही हो म्हणायचे. मला तिचे हात आठवतात, चष्म्याची काडी चावायची ते आठवतं. आवाज आठवत नाही. शाळा संपेपर्यंत तो गेला होता, कधी गेला कळलंही नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू तिच्याबद्दल बोलताना नेहमी 'तिच्या त्या आवाजात' म्हणायचीस आणि मी मान हलवायचे.

व्हिडिओ जोडताना मला नुसती शांतता हवी होती. अकराच्या अकरा तुकडे तपासले, कुठे काही वाजतंय का बघायला. हेडफोन लावून, एकेक, तीनतीनदा. दहा बरोबर होते. पहिल्यात मागून कुणीतरी बोलत होतं. घोगरा आवाज. मी तो तुकडा तीनदा ऐकला, मावशी. मग आवाज बंद केला आणि पुढे गेले.

कामाची वही मी पुसलेली नाही, ती कागदाची आहे. तुझं पत्र आल्यावर उघडून बघितली. माझ्याच अक्षरात आहे. 'पहिला तुकडा. मागे कुणी गिऱ्हाईक बाई बोलतेय. काढणे.'

मी आईला ऐकलं, मावशी. तीनदा ऐकलं. मला ती ओळखू आली नाही.

ढब्बू